अठरा नॉट, वारा अनुकूल असल्यास

विक्रीला काढलेल्या जुन्या ट्रायमरानची जाहिरात वाचायची तर आधी वधूवर सूचक मंडळाच्या मासिकावर हात बसलेला हवा. तिथे ‘वर्ण गव्हाळ’ आणि ‘घरची जबाबदारी नाही’ यांचे खरे अर्थ ज्याला लागतात, त्याला इथे ‘आत प्रशस्त जागा’ म्हणजे होडी जड आहे आणि ‘मूळ मालकाने प्रेमाने बांधलेली’ म्हणजे आराखडे हरवले आहेत, हे उमगायला वेळ लागत नाही. ‘किरकोळ काम बाकी’ याचा अर्थ मात्र दोन्हीकडे सगळं उरकल्यावरच कळतो. आणि शेवटी, जन्मवेळेइतक्या आत्मविश्वासाने, वेग लिहिलेला असतो : १८ नॉट.

आमच्या एका मित्राने अशी होडी घेतली. मूळचा गुहागरचा, कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो, आयुष्य संगणकापुढे गेलेलं. निवृत्ती दिसू लागल्यावर माणसं गावी घर बांधतात. याने सॅन फ्रान्सिस्को खाडीत चाळीस फुटी ट्रायमरान घेतली. मध्ये एक मोठं धड, दोन्ही बाजूंना दोन बारीक धडं, वर डोलकाठी आणि शिडं. “कोकणात होडीला एका बाजूला उलांडी बांधतात, इथे दोन्ही बाजूंना आहे, एवढंच,” असं त्याने आईला समजावलं. खाली शिशाचं ओझं नाही, म्हणून हलकी, आणि हलकी म्हणून वेगवान, हेही सांगितलं. यातला ‘हलकी’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्यावरच आहे.

या खाडीत जुन्या ट्रायमरान इतक्या का, याला कारण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मिल व्हॅली नावाच्या गावात आर्थर पायव्हर राहत. हौशी गृहस्थ. प्लायवुडच्या ट्रायमरानचे आराखडे काढायचे आणि साध्या सुतारकामाचा हात असलेल्या कुणालाही ही होडी परसात बांधता येईल असं सांगायचे. नुसतं सांगून थांबले नाहीत. १९६० साली ‘निंबल’ नावाच्या तीस फुटी ट्रायमरानमधून ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेले. एकट्याने अटलांटिक पार करायची पहिली शर्यत तिथून सुटणार होती, तीत उतरायचा बेत होता. पोचले तेव्हा शर्यत सुटून गेलेली होती. ट्रायमरानच्या वेगाच्या अंदाजांचा इतिहास लिहायचा झाला तर तो इथूनच सुरू करावा लागेल.

पण अटलांटिक पार झाला हे तर खरं होतं. त्यानंतर कॅलिफोर्नियापासून इंग्लंड, ऑस्ट्रेलियापर्यंत परसापरसांत प्लायवुड कापलं जाऊ लागलं. पुढे जिम ब्राऊन, नॉर्मन क्रॉस अशा मंडळींनी सुधारलेले आराखडे काढले. पायव्हर स्वतः १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात गेले ते परतले नाहीत. त्यांच्या आराखड्यांवरून निघालेल्या होड्या मात्र अजून खाड्यांमध्ये बांधलेल्या दिसतात, आणि दर काही वर्षांनी एखादा नवा मालक त्यांच्यापुढे उभा राहून तोच प्रश्न विचारतो : ही किती पळते?

याचं उत्तर आराखड्यात असतं, पण होडी आराखड्यात नसते. परसात बांधणारा माणूस आराखड्याकडे पाककृतीच्या पुस्तकासारखं बघतो. ‘मीठ चवीनुसार’ एवढी एकच ओळ त्याला सगळीकडे छापलेली दिसते. आमच्या मित्राची होडी बांधणारा माणूस उंच होता, म्हणून केबिनचं छत सहा इंच वर गेलं. तो सावध होता, म्हणून जिथे एक थर प्लायवुड पुरला असता तिथे दोन आले, वर फायबरग्लास, आणि फायबरग्लासवर मनाच्या समाधानासाठी आणखी फायबरग्लास. पेशाने तो प्लंबर होता. त्या होडीतल्यासारखं नळकाम मी चांगल्या हॉटेलांतही पाहिलेलं नाही, सगळं तांब्याचं. दुसऱ्या मालकाला थंडी वाजायची, त्याने शेगडी आणि धुरांडं बसवलं. तिसरा वाचक होता. चौथ्याला, म्हणजे ज्याने ती विकली त्याला, वादळाची भीती, म्हणून नांगर चार. प्रत्येक मालक जाताना होडी विकून गेला, सामान ठेवून गेला.

डिक न्यूइक नावाचे फार मोठे ट्रायमरानकार होऊन गेले. ते गिऱ्हाइकाला सांगत, की वेग, ऐसपैस जागा आणि स्वस्ताई यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी मागा, तिन्ही मिळणार नाहीत. आमच्या मित्राने स्वस्ताई आणि जागा आधीच पदरात पाडून घेतली होती. आता तो वेग शोधत होता.

शोध अर्थातच एक्सेलमध्ये. मराठी इंजिनियरला समुद्रापुढे उभं केलं तरी तो आधी तक्ता काढतो. बहुधडी होड्यांसाठी ब्रूस अंक नावाचं एक माप आहे, एडमंड ब्रूस या अमेरिकन संशोधकाच्या नावाचं. शिडांचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं. होडीचं वजन पौंडांत घ्यायचं, त्याचं घनमूळ काढायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर १ च्या आसपास आलं तर होडी घरगुती प्रवासाची, १.३ च्या पुढे गेलं तर चपळ. शिडं ६२५ चौरस फूट, वर्गमूळ २५. आराखड्यातलं वजन ८,००० पौंड, घनमूळ २०. भागाकार १.२५. मित्राने रात्री अकरा वाजता फोन करून हा आकडा मला सांगितला. “अरे, म्हणजे जवळजवळ चपळच!” त्या ‘जवळजवळ’मध्ये किती माणसांची किती वर्षं बुडाली असतील, असं मनात आलं, पण रात्रीची वेळ होती.

“वजन आराखड्यातलं घेतलंस का?” एवढंच विचारलं.

“थोडं इकडेतिकडे असेल.”

किती इकडेतिकडे, हे होडीच सांगत असते. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग लावतात, आणि तो जिथे संपतो तिथे, पाण्याच्या जरा वर, एक रेघ मारतात. होडी जड झाली की रेघ पाण्याखाली जाते. यावर उपाय दोन : सामान कमी करणे, किंवा रेघ वर घेणे. मी आजवर सामान कमी केलेला मालक पाहिलेला नाही. मित्राच्या होडीवर नीट निरखून पाहिलं तर रंगाखाली जुन्या रेघांचे कंगोरे एकावर एक दिसत होते, दर मालकाला एक.

हिशेबही अवघड नाही. समुद्राच्या पाण्याचं वजन घनमीटरला १,०२५ किलो. मधल्या धडाचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ सात चौरस मीटर धरलं, तर एक सेंटीमीटर बुडायला साधारण ७२ किलो लागतात, म्हणजे खातापिता एक पाहुणा. मी रेघांमधलं अंतर बोटांनी मोजायला लागलो, तेव्हा मित्राने मला चहाला आत बोलावलं.

शेवटी तळ घासायला होडी क्रेनने बाहेर काढली तेव्हा क्रेनच्या काट्याने निकाल दिला. १३,८०० पौंड. क्रेनवाल्याने तो आकडा मोठ्याने वाचला, पुन्हा एकदा बघितला आणि मग होडीच्या खालून बाजूला सरकून उभा राहिला. १३,८०० चं घनमूळ २४ च्या अगदी जवळ जातं. पंचवीस भागिले चोवीस, १.०४. दोन पट्ट्यांच्या झोळीत लटकलेली ती होडी चपळतेच्या यादीतून उतरून प्रवासी होड्यांच्या यादीतही शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. मित्राने काट्याच्या अचूकतेबद्दल काही शंका विचारल्या. क्रेनवाल्याने त्या शांतपणे ऐकल्या, असे लोक त्याच्याकडे रोज येत असणार.

वजनाचा मुद्दा मी लावून धरतो याला कारण आहे. साध्या एकधडी होडीला पाण्याने वेगाची मर्यादा घालून दिलेली असते. पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं. छत्तीस फुटांना आठ नॉट. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. धड लांब आणि अरुंद असेल तर लाट छोटी उठते आणि ही मर्यादा ओलांडता येते, ट्रायमरानची सगळी ऐट यावर. पण धड जितकं खाली बसतं तितकं पाण्यात रुंद होतं, बाजूची धडं जी अलगद टेकायला हवीत ती नांगरटीला लागतात, आणि धडांना जोडणाऱ्या दोन पुलांच्या पोटावर लाटा थडाथड आपटू लागतात. आत बसलेल्याला तो आवाज वेगाचा वाटतो.

शिडांचंही तसंच. कागदावर ६२५ चौरस फूट ते ६२५ चौरस फूट, पण कापड पहिल्या मालकाच्या काळातलं असेल तर ते फुगून थैली होतं. वारा पाठीमागून असताना थैलीही चालते. वारा तोंडावर आला की खरी परीक्षा. शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडात जात नाही, नागमोडी जावं लागतं. नव्या ताठ शिडांची, खोल फळी असलेली होडी वाऱ्यापासून पंचेचाळीस अंशांवर काढता येते. जुन्या प्लायवुडच्या ट्रायमरानला खाली आखूड पंख, त्यामुळे ती पुढे जाते तशी बाजूलाही घसरते. घसरण धरून साठ अंश म्हटलं तर कुणाचा अपमान होऊ नये. साठ अंशांचं कोज्या अर्धं. म्हणजे होडी सहा नॉटने धावत असते, पाणी उडत असतं, दोऱ्या ताणलेल्या असतात, मालकाच्या चेहऱ्यावर विजय असतो, आणि मुक्काम तीन नॉटने जवळ येत असतो.

मालक लोक या आकड्याकडे फिरकत नाहीत. त्यांच्याकडे फोटो असतो. प्रत्येक जुन्या ट्रायमरानच्या मालकाच्या फोनमध्ये जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो असतोच. आमच्या मित्राच्या फोटोत १४.२ आहे. तो काढला त्या क्षणी पंचवीस नॉटचा वारा पाठीवर होता, होडी गोल्डन गेटच्या पुलाखालून आत येत होती, खाली भरतीचं पाणी साडेतीन नॉटने आत खेचत होतं, आणि मागून आलेल्या लाटेने शेपूट उचललेलं होतं. एवढ्या सगळ्यांनी मिळून केलेलं काम फोटोत होडीच्या नावावर जमा आहे. पुढच्या क्षणी आकडा ७.८ झाला, पण त्याचा फोटो कोण काढतो?

हा फोटो पुण्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला गेला तेव्हा सगळ्यांनी वा वा केलं. फक्त एका मावशीने विचारलं, “पण मग पोचायला किती वेळ लागतो?” होडीच्या कामगिरीबद्दल इतका नेमका प्रश्न मी कोणत्याही मरिनात ऐकलेला नाही. मित्राने नेटवर्क खराब असल्याचं सांगितलं.

मावशींचा प्रश्न भल्याभल्यांना लावून बघावा. न्यूइकनी खास अटलांटिकच्या शर्यतीसाठी ‘मॉक्सी’ नावाची पन्नास फुटी ट्रायमरान काढली. तिच्यात ना तांब्याचे नळ, ना शेगडीचं धुरांडं. फिल वेल्ड हे पासष्ट वर्षांचे गृहस्थ १९८० साली ती घेऊन एकटे प्लिमथहून निघाले आणि १७ दिवस २३ तासांत न्यूपोर्टला पहिले पोचले. त्या काळचा विक्रम. आता अंतर सुमारे ३,००० सागरी मैल, भागाकार करा. सात नॉट. जगातल्या उत्तम ट्रायमरानने, शर्यतीत, जिंकताना. त्याच वेळी एक सद्गृहस्थ एक्सेलमध्ये कपाट, नांगर, ग्रंथसंग्रह आणि कुटुंबासह १० नॉट सरासरी धरून बसलेले असतात.

आणि मग ‘सुहेली’. ही बत्तीस फुटी सागवानी होडी मुंबईत कुलाब्याला बांधलेली, आपल्याकडच्या कारागिरांनी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तेव्हाच्या तरुण व्यापारी नाविकाने ती तिथे बांधून घेतली आणि १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरवली. वजनदार, गोलमटोल, एकधडी. कागदावर तिला कुणी विचारलं नसतं. त्याच शर्यतीत पायव्हरच्या व्हिक्ट्रेस आराखड्यावरच्या दोन चाळीस फुटी ट्रायमरान होत्या. एक नायजेल टेटली यांची, ज्या होडीत ते आणि त्यांच्या पत्नी एरवी संसार करत. दुसरी डोनल्ड क्रोहर्स्ट यांची, घाईघाईत बांधलेली. कागदावर या दोघी ‘सुहेली’ला कुठल्या कुठे मागे टाकणार होत्या.

समुद्रावर गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रोहर्स्टना ठरवलेल्या वेगाच्या जेमतेम निम्मा मिळाला. होडी गळत होती, परतावं तर कर्ज, पुढे जावं तर दक्षिणेचा समुद्र. ते अटलांटिकमध्येच थांबले आणि रेडिओवर खोटी ठिकाणं कळवू लागले. डिसेंबरात त्यांनी एका दिवसात २४३ मैल कापल्याचं कळवलं, म्हणजे चोवीस तास दहा नॉट. वर्तमानपत्रांनी ते छापलं. कागदावर ते शक्य होतं, म्हणून खरं वाटलं. टेटली खरोखर प्रदक्षिणा करून अटलांटिकमध्ये परत आले होते. मागून क्रोहर्स्ट गाठतात या समजुतीने त्यांनी खिळखिळी झालेली ट्रायमरान दामटली, आणि घर ११०० मैलांवर असताना मे १९६९ मध्ये ती फुटून बुडाली. ते वाचले. क्रोहर्स्टची रिकामी होडी जुलैमध्ये तरंगताना सापडली. ‘सुहेली’ एप्रिलातच परतली होती. नऊ जण निघाले होते, पोचली ती एकटी. ३१२ दिवस, तीस हजारांवर सागरी मैल, सरासरी चार नॉट. नॉक्स-जॉन्स्टननी बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

ही हकिगत मी मित्राला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझी चारपेक्षा जास्तच जाते.” माणूस आशावादी असल्याशिवाय जुनी होडी घेत नाही, हे मी विसरलो नव्हतो.

खरा आकडा शेवटी वहिनींकडे निघाला. वहिनींना शिडांत रस नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या वेळेच्या अंदाजांचं शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक आहे. ड्रेक्स बेची सहल निघाली होती. गोल्डन गेटपासून वायव्येला पंचवीसेक सागरी मैल, आणि उन्हाळ्यात वारा त्याच वायव्येकडून. मित्राने तक्त्यानुसार जाहीर केलं, की अडीच तास, जेवायला तिथे. वहिनींनी दुपारचं जेवण घेतलं, रात्रीचंही घेतलं, वर थालीपिठांचा एक डबा आणि सगळ्यांचे स्वेटर घेतले. मित्राने वजनाबद्दल तक्रार केली. तीन नॉटने आठ तासांवर लागतात. संध्याकाळी, धुक्यात, स्वेटर घालून थालीपीठ खाताना त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

त्यानंतर वहिनींनी दुधाच्या हिशेबाची असते तशी एक लांबट वही केली. निघालो कधी, पोचलो कधी, वारा कुठून, इंजिन किती वेळ. वेगाचा रकाना नाही, तो त्या घरी येऊन भागाकाराने काढतात. इंजिनाचे तासही वेळात धरतात, याला मित्राचा तात्त्विक आक्षेप आहे. वारा पडला तर तो होडीचा दोष कसा, असं त्याचं म्हणणं. “पण आपण तिथेच होतो ना?” असं वहिनींचं. या वहीप्रमाणे वारा बाजूने असेल तर साडेसहा, पाठीमागून सहा, तोंडावर तीन, आणि वर्षाची सरासरी चार पॉइंट सहा. मरिनातल्या जुन्या जाणत्यांना मी ती वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, एकमेकांकडे पाहिलं आणि आपल्या बायकांना ती दाखवू नका, असं सांगितलं.

यंदा बेत मॉन्टेरेचा आहे. दक्षिणेला ऐंशी-पंच्याऐंशी सागरी मैल, जाताना वारा पाठीवर. मित्राने नवा तक्ता केला आहे, वहिनींचे आकडे घालून, पण एका कोपऱ्यात ‘आशावादी’ नावाचा एक रकाना ठेवलाच आहे. जायला चौदा तास निघाले. तो खूश होता.

“अहो, पण येताना?” वहिनींनी विचारलं. “येताना वारा समोरून.”

“येताना काय, इंजिन लावू.”

“इंजिनावर किती जाते?”

“साडेपाच. सलग. वारा असो नसो.”

वहिनींनी वही उघडली, साडेपाच लिहिलं, त्याच्याखाली चार पॉइंट सहा लिहिलं, आणि काही वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग शिडं इथेच ठेवून जाऊ या का? तेवढंच वजन कमी.”